स्मरणिकेला लेख येत नाहीत? मग लेख मागूच नका

प्रश्न: आमची दहावीची २००० ची बॅच. सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातली शाळा, अ आणि ब अशा दोन तुकड्या, मिळून ८९ जण. पंचविशीचं गेट-टुगेदर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ठरलंय आणि स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ग्रुपवर ५२ जण आहेत. दोन महिने 'आठवणी पाठवा' म्हणून घसा कोरडा केला तेव्हा ११ लेख आले. त्यातले ९ अ तुकडीचे आणि सगळे एकाच वळणाचे: सोनेरी दिवस, आदरणीय गुरुजन, मंतरलेले क्षण. मुलींपैकी एकीनंही लिहिलं नाही. फोटो आलेत ते इतके धूसर की चेहरे ओळखू येत नाहीत. तिघं वर्गमित्र आता हयात नाहीत, त्यांच्याबद्दल काय छापायचं कळत नाही. एक सर फार मारायचे. दोघांनी त्यांच्यावर कडक लिहिलंय आणि सर कार्यक्रमाला येणार आहेत. हातात साडेतीन महिने आणि २०,००० रुपये आहेत. माझं स्वतःचं म्हणाल तर एवढंच आठवतं, की पलीकडच्या वाडीच्या मुली मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जाऊन डबा खायच्या, कारण डब्यात नुसती भाकरी आणि चटणी असायची. यावर काय लेख होणार?
– एक वाचक भगिनी

उत्तर:

ताई, त्या टाकीपासूनच सुरुवात करा.

टाकीमागे किती जणी बसायच्या? पाऊस असला की कुठे जायच्या? भाकरी ज्वारीची की बाजरीची, चटणी कसली? टाकीच्या अलीकडे बसणाऱ्यांच्या डब्यात काय असायचं? अलीकडची एखादी कधी पलीकडे जाऊन बसली का, आणि बसली तर काय झालं? वाडीतल्या दोघींना आणि अलीकडच्या एकीला हे फोनवर विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून एकाखाली एक ठेवा. दीड पान भरेल, आणि स्मरणिका हातात पडल्यावर लोक ते अकरा लेख ओलांडून आधी तेच पान वाचतील.

लेख एकसारखे येतात याचं कारण सरळ आहे. 'आठवणी पाठवा' म्हटलं की चाळिशीतला माणूससुद्धा पुन्हा मराठीच्या पेपरला बसतो. निबंध असाच लिहायचा हे आपल्याला शाळेनंच शिकवलंय: आधी सुविचार, मग वर्णन, शेवटी ऋण. हाच माणूस टपरीवर चहा पिताना त्याच शाळेबद्दल बोलायला लागला की हसून पोट दुखेल असं सांगतो. त्याला लिहायला लावू नका, बोलतं करा. लिहायचं काम तुमच्या गटानं करायचं. ग्रुपवरचं आवाहन आजच थांबवा. आणखी दहा वेळा टाकलंत तरी आणखी दोन सोनेरी दिवस येतील, त्यापलीकडे काही नाही.

पण फोन करण्याआधी यादी हवी. ८९ हा आकडा कुठून आला ते आधी तपासा. बहुतेक वेळा तो दहावीच्या परीक्षेला बसलेल्यांचा असतो. पाचवीपासून तुमच्या बाकावर बसलेला, नववीत नापास होऊन मागे राहिलेला मुलगा त्यात नसतो. कागदोपत्री तो २००१ च्या बॅचचा झाला. आठवीत लग्न ठरून शाळा सुटलेली मुलगी नसते. वडिलांची बदली झाली म्हणून सातवीत गेलेला नसतो. वर्गाच्या निम्म्या आठवणी मात्र याच लोकांभोवती असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक प्रवेशाची नोंद असते, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं; शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच बनतो, त्यामुळे ते रजिस्टर जपून ठेवलेलं असतं. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करा: 'जून १९९४ ते मार्च २००० या काळात पाचवी ते दहावीत या वर्गात असलेल्या विद्यार्थ्यांची फक्त नावे मिळावीत.' 'फक्त नावे' हे शब्द अर्जात असू द्या. रजिस्टरमध्ये जात, जन्मतारीख असं बरंच असतं. ते तुम्हाला नको आणि शाळेनंही द्यायला नको. पानांचे मोबाइलवर फोटो काढू नका. क्लार्कना आठवड्यातला कमी गर्दीचा दिवस विचारा, वही घेऊन जा, बसून उतरवा.

स्मरणिकेत नाव शाळेतलंच छापा. मुलींच्या बाबतीत ही चूक हटकून होते. ग्रुपवर सासरचं नाव असतं, ते तसंच उचललं जातं आणि मग 'ही कोण' म्हणून सगळे विचारत बसतात. शाळेतलं पूर्ण नाव आधी. आताचं नाव कुणाला हवं असेल तर त्याखाली लहान टायपात. क्रम हजेरीपटाचा ठेवा. हजेरीतलं आपल्या मागचं-पुढचं नाव माणूस सहसा विसरत नाही. यादी त्या क्रमानं वाचली की हजेरी चालू झाल्यासारखं वाटतं आणि गळालेलं नाव कुणीतरी लगेच सांगतं. मोबाइल नंबर, पत्ते आणि दहावीचे गुण छापू नका. तेव्हाच्या ७५० पैकी कुणाला किती पडले होते हे ज्याला मिरवायचंय तो तोंडी मिरवेल.

आता फोन. सहा जणांची टोळी करा, प्रत्येकाकडे पंधरा-सोळा नावं. सहापैकी निदान दोघं ब तुकडीचे आणि तिघी बाया. ब तुकडीचे लिहीत नाहीत यात नवल नाही. कित्येक शाळांत तुकड्या गुणांवर पाडलेल्या असत, आणि 'लिहिणं हे हुशारांचं काम' हे ब तुकडीनं तेव्हाच ऐकलेलं असतं. अ तुकडीच्या मॉनिटरनं त्यांना फोन केला तर 'आमचं काय, तुम्हीच लिहा' एवढ्यावर बोलणं संपेल. बाकावरच्या शेजाऱ्यानं केला तर तासभर चालेल. बायकांना बायकांनीच फोन करावा, आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान; संध्याकाळी स्वयंपाक, मुलं आणि घरात माणसं असताना कुणी मोकळं बोलत नाही. नोकरी करणारीला रविवारची वेळ आधी विचारून घ्या. ग्रुपवर पुरुषांच्या गुड मॉर्निंगच्या गर्दीत त्या गप्प असतात याचा अर्थ त्यांना काही आठवत नाही असा काढू नका.

एका फोनला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. 'शाळेबद्दल काहीतरी सांग' असं चुकूनही म्हणू नका. ज्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं असं विचारा. घरून शाळेत कसा यायचास, चालत, सायकलवर की एसटीनं? वाटेत कोण कोण भेटायचं? सायकल कुणाची होती? पावसात दप्तर कशात गुंडाळायचास? बाकावर शेजारी कोण, आणि त्याच्याआधी कोण? शाळेची घंटा कसली होती, पितळेची थाळी की रुळाचा तुकडा, आणि वाजवायचं कोण? कोणत्या तासाला पोटात गोळा यायचा? प्रयोगशाळेत खरोखर हाताळलेली वस्तू कोणती, आणि नुसती काचेच्या कपाटात पाहिलेली कोणती? पुस्तकं नवी की कुणाची जुनी, आणि तुझी पुढे कुणाला गेली? गणवेश कुणी शिवला? चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसला होतास का, रंगपेटी कुठून आणलीस? असे दहा-बारा प्रश्न झाले की माणूस आपोआप एका जागी थांबतो आणि म्हणतो, 'अगं, ते तुला माहीत नसेल...'. तिथून पुढे प्रश्न बंद. नुसतं ऐका.

कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर सुरुवातीलाच विचारा. नको म्हटलं तर वहीत टिपा. उतरवून काढायचं काम त्याच दिवशी करा. चार दिवसांनी तुमचंच टिपण तुम्हाला वाचता येत नाही, आणि रिकाम्या जागा आपण आपल्या भाषेनं भरतो. मजकूर १५० ते ३०० शब्दांत बसवा. बोली तशीच ठेवा. 'मला मारलं नाय कधी सरांनी' हे 'सरांनी मला कधीही शिक्षा केली नाही' असं सुधारलंत की माणूस पानावरून उठून गेला. शेवटी तो मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवा आणि 'छापू?' असं विचारा. त्यानं काढायला सांगितलेलं वाक्य वाद न घालता काढा, कितीही चांगलं असलं तरी.

माणसं खोटं सांगत नाहीत, पण सालं हमखास चुकवतात. सगळं काही दहावीत घडलं असं वाटायला लागतं, कारण दहावीच पुन्हा पुन्हा सांगितली गेलेली असते. त्यासाठी तारखांचा एक तक्ता करून सहाही जणांच्या हातात द्या. तुमच्या बॅचचा तो असा होईल. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो म्हणून सगळीकडे रांगा लागल्या: तुम्ही सहावीत. २४ ऑक्टोबर १९९५, सूर्यग्रहण, ऐन दिवाळीत. १५ ऑगस्ट १९९७, स्वातंत्र्याची पन्नास वर्षं: आठवी, शाळेत त्या दिवशी नेहमीपेक्षा काहीतरी वेगळं झालंच असेल. २२ आणि २४ एप्रिल १९९८, सचिनच्या शारजातल्या दोन खेळी: आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या आगेमागे, आणि टीव्ही कुणाच्या घरी होता हा प्रश्न विचारून पाहाच. १९९९ चा उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात कारगिलमध्ये गेली. दहावीचं वर्ष त्यातच उजाडलं. ११ ऑगस्ट १९९९, पुन्हा सूर्यग्रहण, या वेळी शाळा सुटायच्या सुमारास. सप्टेंबर १९९९, लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकदमच, आणि कित्येक शाळांचे वर्ग मतदान केंद्रांना दिलेले. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र तर कुणी विसरलेलं नसेल.

यातलं प्रत्येक साल आठवण टांगायला खुंटी म्हणून वापरायचं. 'आपली कोकणची सहल कधी गेली?' याला पाच जण पाच उत्तरं देतील. 'सहलीला गेलो तेव्हा वर्गशिक्षक कोण होते? कारगिलच्या आधी की नंतर?' असं विचारलं की नववी की दहावी ते पक्कं होतं. शिक्षकांच्या बदल्या आणि निवृत्त्यांच्या तारखा शाळेतून मिळाल्या तर त्याहून उत्तम. एवढं करूनही दोघं एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतील. निकाल लावत बसू नका. दोन्ही छापा, शेजारी शेजारी, दोघांच्या नावानिशी. लोकांना तेच जास्त आवडतं.

शाळेत गेलात की ग्रंथालयात आणखी एक गोष्ट विचारा: जुनी हस्तलिखितं. तेव्हा कित्येक शाळांत दर वर्षी एक हस्तलिखित निघायचं, रंगीत कागदाच्या किनारी आणि जपून काढलेल्या अक्षरांचं. १९९५ ते २००० मधलं एखादं कपाटात असेल तर त्यात तुमच्याच कुणाची तरी कविता असणार, आणि आज बँकेत अधिकारी असलेल्या माणसाची सातवीतली 'पावसा पावसा' वाचायला सगळे धावतील. स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, कार्यक्रमपत्रिका, भित्तीपत्रकाचे फोटो, निरोप समारंभाच्या भाषणाचे कागद, मुलींची स्लॅमबुकं हेही मागा. स्लॅमबुकातलं छापण्याआधी ज्यानं लिहिलं त्याची परवानगी घ्या. वही जिची आहे तिची परवानगी पुरत नाही. 'फेवरेट हिरोईन'च्या रकान्यात वर्गातल्याच मुलीचं नाव असू शकतं.

तो धागा इथेच तोडतो: कोण कुणाच्या मागे होता, हे स्मरणिकेत एका अक्षरानंही येऊ देऊ नका. आडून नाही, आद्याक्षरांनी नाही. पुस्तक घरी जातं, नवरा-बायको वाचतात, मुलं वाचतात. टोपणनावाचंही तेच. 'जाड्या', 'बोबड्या' ही नावं ज्याची त्यानं स्वतः सांगितली तरच छापायची.

मारणाऱ्या सरांचं काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई केली. तुमचा वर्ग त्याच्या आधीचा, त्यामुळे तुमच्यातले निम्मे 'सरांच्या छडीनंच आम्ही घडलो' म्हणतील आणि उरलेल्यांना अजून हाताची बोटं दुखल्यासारखं होईल. 'वातावरण खराब होईल' म्हणून दुसऱ्या गटाला गप्प करू नका, तो निर्णय संपादकाचा नव्हे. पण मजकुराला शिस्त लावा. ज्याला मार बसला त्यानंच, स्वतःच्या नावानं सांगावं. दुसऱ्याला पडलेल्या माराचे विनोद काढून टाका, ते कितीही गमतीचे वाटले तरी. इयत्ता कोणती, मारलं कशानं, कशासाठी, घरी सांगितलं का, पुढे काय झालं, एवढं राहू द्या. 'क्रूर', 'हिटलर' ही विशेषणं खोडा. कडक शब्द काढले की मजकूर मऊ पडेल असं दोघांना वाटेल, पण खोडून झाल्यावर त्यांना वाचून दाखवा. मग एकच विचारा: सर पुढच्या रांगेत बसलेले असताना हे छापलेलं चालेल? दोघं हो म्हणाले तर छापा. पुस्तक कार्यक्रमात मिळण्याआधी सरांना कुणीतरी घरी जाऊन सांगून या की असा मजकूर आहे. परवानगी मागायला नको, पण अवचित धक्काही नको. आणि तो मजकूर शिक्षकांच्या पानांना लागून लावू नका.

शिक्षकांकडून 'आशीर्वादपर संदेश' मागू नका, ते छापील येतात. वर्गाचा ग्रुप फोटो मोठा करून घेऊन जा, समोर ठेवा आणि तुमच्या वर्गाला काय शिकवताना त्रास झाला ते विचारा. शिपाईमामांकडे मात्र नक्की जा. वर्गांच्या किल्ल्या, घंटेच्या वेळा, कोण भिंतीवरून उडी मारून पळायचं, कुणाला गुपचूप आत घेतलं, याचा खरा इतिहास त्यांच्याकडे असतो.

हयात नसलेल्या तिघांसाठी प्रत्येकी एक पान, आणि ते पान शक्य तितकं साधं. शाळेतलं पूर्ण नाव, कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत वर्गात होता, एक फोटो, आणि बाकावरच्या शेजाऱ्यानं सांगितलेली एकच गोष्ट. मृत्यूचं कारण नाही, 'काळानं घाला घातला' नाही, भोवती काळी चौकट नाही, श्लोक नाही. त्या घरी फोनवर काम उरकू नका. वर्गातला जवळचा एक जण जाऊन येऊ द्या. फोटो घरच्यांनी निवडलेला छापा, मूळ प्रत तिथेच मोबाइलवर उतरवून घ्या आणि हातात परत द्या. भिंतीवरची हार घातलेली तसबीर काढायला लावू नका. मजकूर त्यांना वाचून दाखवा. त्यांना नको असेल तर पान नाही, यादीत मात्र नाव इतरांसारखंच, त्याच्या हजेरी क्रमांकावर.

फोटो धूसर का आलेत? व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि बारीक चेहरे चिखल होतात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा; फाइल आहे तशी येते. त्याहून महत्त्वाचं, कागदाच्या फोटोचा मोबाइलनं फोटो काढताना लोक ट्यूबलाइटखाली, फ्लॅश मारून, तिरका धरून काढतात. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोटो टेबलावर सपाट आणि मोबाइल त्याला अगदी समांतर. प्लॅस्टिकच्या पाकिटातून फोटो बाहेर काढा. चिकट पानांच्या जुन्या अल्बमातला मात्र ओढून काढू नका, वरचा थर अल्बमलाच राहतो. वरचं प्लॅस्टिक उचलून आहे तिथेच फोटो घ्या.

चांगले दहा-बारा फोटो निवडून सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असे स्कॅन करा. साडेतीन बाय पाच इंचाच्या प्रिंटचं त्यातून २१०० बाय ३००० पिक्सेल मिळतं. छपाईला इंचाला ३०० लागतात, म्हणजे अख्खं पान भरेल इतका ऐवज झाला. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा ग्रुप फोटो ए-फोर स्कॅनरवर मावत नाही. तो दोन भागांत स्कॅन करून स्टुडिओतून जोडून घ्या. काचेच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर सोलू नका, काचेसकट थोडा प्रकाश चुकवून काढा. ज्या स्टुडिओनं तेव्हा फोटो काढला तो अजून चालू असेल तर निगेटिव्ह आहे का विचारा. मिळाली तर नशीब.

ग्रुप फोटो समोरासमोरच्या दोन पानांवर पसरवायचा मोह होईल. करू नका, मधल्या शिवणीत दोन-तीन जण गडप होतात आणि तेच नेमके रुसतात. एकाच पानावर आडवा फिरवून छापा, आठ इंच लांबी मिळते. नावं लिहिण्यासाठी मोठ्या प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची गोल रेघ काढा, त्यात आकडे घाला आणि तो कागद वेगवेगळ्या चौघांना दाखवा. नावं पाहणाऱ्याच्या डावीकडून, आधी बसलेले, मग उभे, मग बाकावर उभे. ओळख पटली नाही तर आकड्यापुढे जागा मोकळी ठेवा. अंदाजानं नाव घालू नका.

पुस्तकाचा हिशेब असा धरा. आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. १२ पॉइंटच्या मजकुरात एका पानावर पावणेतीनशेच्या आसपास शब्द बसतात. एकूण ६४ पानं आणि कव्हर. पिन बाइंडिंगला (घडीच्या मधोमध पिना मारून केलेली बांधणी) पानांची संख्या चारच्या पटीत लागते, त्यामुळे ६२ पानं भरली तर दोन कोरी राहतात किंवा कुणीतरी घाईनं सुविचार टाकतो. त्यात नावांच्या यादीला ६, शिक्षक आणि शिपाईमामांना ७, तिघांची ३, पहिली दोन श्रेयनामावलीची, रंगीत फोटोंची ८ आणि उरलेली ३८ आठवणींची. चाळीसेक जणांचे दीड-दोनशे शब्द त्यात लहान फोटोंसह आरामात बसतात. रंगीत आठही पानं पुस्तकाच्या बरोबर मध्यावर एकत्र ठेवा. इकडे दोन, तिकडे दोन अशी विखुरली की खर्च वाढतो.

आतला कागद ७० किंवा ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, रंगीत पानांना १३० चा गुळगुळीत आर्ट पेपर, कव्हर २५० ते ३०० चं, मॅट लॅमिनेशन. मॅपलिथो शाई पितो, त्यावर चेहरे काळवंडतात; साधे फोटो छपाईला देण्याआधी थोडे उजळ करून घ्या. १२० प्रतींना ऑफसेट (प्लेटा बनवून होणारी छपाई) परवडणार नाही, कारण प्लेटांचा खर्च १२० ला जेवढा तेवढाच १,००० ला. प्लेटांशिवाय होणारी डिजिटलच करा. तीन प्रेसकडून कोटेशन घेताना नुसतं 'स्मरणिका केवढ्याला' विचारू नका. वरचं सगळं एका कागदावर लिहून द्या आणि टाइपसेटिंग (टायपिंग आणि मांडणी) प्रति पान, साधी छपाई, रंगीत छपाई, कव्हर, बाइंडिंग असा सुटा दर मागा. २०,००० त टाइपसेटिंग धरून ओढाताण होईल. टायपिंग तुम्हीच युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं तेच) करून दिलंत तर तेवढा भार हलका होतो. मात्र प्रेसवाला श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करत असेल तर युनिकोड मजकूर रूपांतरित करताना काही अक्षरं फुटतात. 'दुसऱ्या', 'कऱ्हाड', 'पुऱ्या' यांतला ऱ्य-ऱ्ह, ॲ, रफार आणि जोडाक्षरातली पहिली वेलांटी ही ठिकाणं पहिल्या प्रुफात एकेक करून शोधा. युनिकोडमध्येच मांडणी करणारा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या, पण त्याच्याकडेच जा.

प्रूफ मोबाइलवर वाचू नका, कागदावर काढा. नावांची यादी तिघांनी वेगवेगळी वाचायची, आणि प्रत्येकाला त्याच्या नावाची ओळ पाठवून 'बरोबर' असं उत्तर घ्यायचं. लेखातली चूक कुणी लक्षात ठेवत नाही, नावातली चूक मात्र पुढच्या पंचवीस वर्षांत कुणी विसरत नाही.

पैशांसाठी जाहिराती घ्यायच्याच असतील तर वर्गातल्यांच्याच, आणि फक्त कव्हरच्या आतल्या दोन बाजूंवर. आमदार, सभापती, सरपंच यांचे शुभेच्छासंदेश मागायला कुणीतरी निघेलच. 'पानं चारच्या पटीत आहेत, बसत नाहीत' हे उत्तर तयार ठेवा. ते खरंही आहे.

आलेल्या अकरा लेखांचं काय करायचं, तर फेकू नका. लिहिणाऱ्यांना फोन करा, लेखातलं एकच खरं वाक्य शोधा (असतंच, बहुधा तिसऱ्या परिच्छेदात) आणि तिथून वरचे प्रश्न सुरू करा. मूळ लेख तसाच हवा असा कुणी हट्ट धरला तर छापा, शेवटच्या पानांत.

वेळ पुरेल, पण दिवाळी मध्ये येते. दिवाळीआधी प्रेसवाले दिवाळी अंकांत आणि नंतर कॅलेंडर-डायऱ्यांत अडकलेले असतात, म्हणून प्रेस आत्ताच ठरवून थोडा ॲडव्हान्स देऊन ठेवा. पहिले दोन आठवडे यादी आणि शाळा, पुढचे पाच आठवडे फोन, दिवाळीच्या सुट्टीत फोटो गोळा करणं, कारण तेव्हा लोक गावी येतात आणि माळ्यावरची ट्रंक उघडता येते. नोव्हेंबरच्या मध्याला मजकूर प्रेसकडे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं प्रूफ, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी गठ्ठे घरात. प्रती १२०: यादीतल्या प्रत्येकाला एक, तिघांच्या घरी एकेक, शिक्षक-शिपाई, शाळेच्या ग्रंथालयाला दोन आणि उरलेल्या नंतर मागणाऱ्यांसाठी. रजिस्टरमधून आणखी बरीच नावं निघाली तर आकडा तेवढा वाढवून सांगा. डिजिटल छपाईत दहा-वीस प्रती जास्त झाल्यानं गणित कोलमडत नाही. जे ग्रुपवर नाहीत आणि कार्यक्रमालाही येणार नाहीत, त्यांचा पत्ता फोन करतानाच लिहून घ्या, म्हणजे जानेवारीत पुन्हा शोधाशोध नको. आणि कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तकं जेवणानंतर वाटा. सकाळी वाटलीत तर एकही भाषण कुणी ऐकणार नाही.